खडकीची माती, टर्फचा वेग
धनराज पिल्ले यांची कारकीर्द आणि वारसा

भारतीय हॉकीच्या इतिहासात धनराज पिल्ले यांचे स्थान ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाला आरंभीच एका विचित्र अडचणीला तोंड द्यावे लागते. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात ते ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले, हा आकडा सर्वत्र आढळतो. मात्र आघाडीच्या खेळाडूच्या कर्तृत्वाचे जे पहिले माप मानले जाते, ते म्हणजे त्याने केलेल्या गोलांची संख्या, ती ‘सुमारे १७०’ अशा अदमासानेच सांगावी लागते, कारण त्या काळात या खेळाचा देशातील कारभार पाहणाऱ्या महासंघाने गोलांची शिस्तशीर मोजदाद ठेवलीच नाही. क्रिकेटमधील एकेका धावेचा हिशेब पाठ असणाऱ्या देशात, ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदके मिळवून देणाऱ्या खेळातील सर्वांत लोकप्रिय खेळाडूचे गोल अंदाजाने सांगितले जावेत, ही बाब तपशिलातील चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. व्यक्तीने जीव ओतून खेळावे आणि संस्थेने त्याची नोंदही ठेवू नये, ही जी तफावत या एका आकड्यात दिसते, तीच पुण्याजवळच्या खडकीत वाढलेल्या या खेळाडूच्या पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत वेगवेगळ्या रूपांनी पुनःपुन्हा समोर येते. त्यामुळे धनराज यांचे मूल्यमापन करताना त्यांच्या खेळाबरोबरच त्या खेळाच्या व्यवस्थेचेही मूल्यमापन करणे अपरिहार्य ठरते.

आघाडी, बगल आणि स्टिकची एकच बाजू

रग्बी, फुटबॉल आणि हॉकी या तिन्ही मैदानी खेळांत मैदानाच्या कडेने धावणाऱ्या आक्रमक खेळाडूला प्रेक्षकांच्या मनात वेगळेच स्थान असते. पंधरा जणांच्या रग्बी संघात ११ आणि १४ क्रमांकाची जर्सी घालणारे दोन ‘विंगर’ म्हणजे बगलेचे खेळाडू असतात. सामन्यातील बराच काळ त्यांच्या वाट्याला चेंडू येत नाही, परंतु तो आला की उरलेले अंतर स्वतःच्या पायांच्या बळावर कापण्याची जबाबदारी त्यांची असते. हॉकीच्या जुन्या रचनेत आघाडीच्या फळीत पाच खेळाडू असत आणि त्यांना लेफ्ट आउट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन व राइट आउट अशी नावे होती. त्यांतील दोन ‘आउट’ म्हणजे बगलेचे. आधुनिक हॉकीत या जागा काटेकोर राहिल्या नाहीत, आघाडीचा खेळाडू मध्यातून बगलेकडे आणि बगलेतून मध्याकडे सतत सरकत राहतो, आणि धनराज यांचा खेळ याच मोकळ्या संचाराचा होता. बगलेच्या खेळाडूची धाव आणि मध्यातल्या खेळाडूचे स्टिकवरचे प्रभुत्व त्यांच्याकडे एकत्र नांदत होते.

हे प्रभुत्व म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी हॉकीच्या स्टिककडे जवळून पाहावे लागते. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते, दुसरी बाजू गोलाकार असते आणि त्या गोलाकार बाजूने चेंडू खेळण्यास नियमांनी मनाई आहे. डावा हात वर आणि उजवा हात खाली अशी पकड सर्व खेळाडूंसाठी एकच असल्यामुळे, डावखुऱ्या माणसालाही याच पद्धतीने खेळावे लागते आणि चेंडू स्वाभाविकपणे शरीराच्या उजव्या अंगाला, किंचित पुढे राहतो. परिणामी उजव्या बगलेतून धावणाऱ्याला डावीकडे, म्हणजे गोलाच्या दिशेने, चेंडू मारणे सोपे जाते. डाव्या बगलेतून धावणाऱ्याला मात्र तोच चेंडू उजवीकडे आत टाकण्यासाठी एक तर संपूर्ण शरीर चेंडूभोवती वळवावे लागते किंवा मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. या उलट्या स्टिकच्या कलेवर भारतीय उपखंडातील खेळाडूंनी अनेक पिढ्या मेहनत घेतली आणि तिच्यातूनच, समोरच्याला चकवण्याची जी खास पद्धत तयार झाली तिला जगभर ‘इंडियन डॉज’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

या डॉजमध्ये खेळाडू धावता धावता सरळ स्टिकने चेंडू स्वतःच्या डावीकडे ढकलतो, बचावपटूच्या शरीराचा भार त्या बाजूला झुकला की निमिषार्धात मनगट पालथे करून स्टिकचे टोक जमिनीकडे वळवतो आणि तोच चेंडू उजवीकडे ओढून घेतो. बचावपटूचा स्वतःचा दुबळा, म्हणजे उलट्या स्टिकचा भाग नेमका त्याच बाजूला असल्यामुळे, त्याने सावरून स्टिक टाकेपर्यंत आक्रमक त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. ही क्रिया उभ्या उभ्या करणे कोणालाही सरावाने जमू शकते. पूर्ण वेगात, नजर चेंडूवर न ठेवता समोरच्या मैदानावर ठेवून, एकामागून एक दोन-तीन बचावपटूंसमोर ती करणे ही दुर्मीळ गोष्ट होती, आणि धनराज यांच्या खेळाने प्रेक्षक उभे राहत ते याच गोष्टीमुळे. लांब केस मागे उडत आहेत, पाठ कमरेतून वाकलेली आहे आणि चेंडू स्टिकला जणू दोरीने बांधलेला आहे, अशी त्यांची प्रतिमा नव्वदच्या दशकातील हॉकीच्या प्रेक्षकाच्या मनात कायमची कोरली गेलेली आहे.

खडकी : छावणी, कारखाना आणि मैदान

धनराज यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकीत झाला. पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील १८१७ च्या लढाईमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले हे गाव पुढे ब्रिटिश लष्कराची छावणी बनले. १८६९ मध्ये येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे केंद्रही येथेच स्थिरावले. छावणीबरोबर तिचे खेळ आले आणि कारखान्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे आली. पुणे शहरातील पेठांमध्ये आखाडे, मल्लखांब, खो-खो आणि हुतूतू यांची परंपरा रुजत होती, त्याच काळात मुळा नदीच्या काठावरील या वस्तीत हॉकी आणि फुटबॉल हे गल्लीतले खेळ बनले, आणि मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा अनेक भाषा बोलणारी मुले एकाच मैदानावर वाढली.

पिल्ले कुटुंब मूळचे तमिळ होते. वडील नागलिंगम हे मैदानाची निगा राखण्याचे काम करीत, कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत कुटुंबाचे घर होते, आणि आई अंदालम्मा यांनी हलाखीच्या परिस्थितीतही पाचही मुलांना हॉकी खेळण्यास प्रोत्साहन दिले, याचा उल्लेख धनराज यांनी आयुष्यभर कृतज्ञतेने केलेला आहे. या भावंडांत धनराज चौथे. नवी स्टिक विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे मोडक्या स्टिका आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू हेच त्यांच्या सरावाचे साहित्य होते, आणि मैदान होते ते मऊ, चिकट मातीचे. अशा मातीवर चेंडू सरळ येत नाही, मध्येच उसळतो किंवा अडकतो, त्यामुळे तो स्टिकपासून दूर जाऊ न देण्याची सवय लहानपणीच लागते. धनराज यांच्या पुढील खेळातील चेंडूवरची घट्ट पकड या मातीनेच घडवली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. त्यांच्यासमोर आदर्श होता तो बनारसच्या मोहम्मद शाहिद यांचा, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील त्या किमयागाराचा, ज्यांच्या ड्रिब्लिंगची म्हणजे चेंडू स्टिकने हलकेच नाचवत पुढे नेण्याच्या कलेची नक्कल त्या काळातील असंख्य मुले करीत असत.

खडकीच्या या मातीने एकच खेळाडू दिला असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. धनराज यांचे थोरले बंधू रमेश हे भारताकडून खेळले, आणि १९८१ साली खडकीतच जन्मलेले मधल्या फळीतील खेळाडू विक्रम पिल्ले हे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये धनराज यांचे संघसहकारी होते. सोळा जणांच्या ऑलिम्पिक संघात एकाच छावणी-वस्तीतील दोघे असावेत, ही गोष्ट त्या वस्तीच्या क्रीडासंस्कृतीची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

मुंबई आणि नोकरीचे संघ

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धनराज मुंबईला गेले, कारण रमेश तेथे आरसीएफ म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीच्या संघातून स्थानिक लीग खेळत होते. त्या काळी व्यावसायिक हॉकी नावाची गोष्ट देशात अस्तित्वात नव्हती. रेल्वे, एअर इंडिया, बँका, पोलीस दले आणि मोठ्या खासगी कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि त्या बदल्यात खेळाडू कंपनीच्या संघातून खेळत, असा हा सगळा डोलारा होता. या व्यवस्थेने गरीब घरांतील शेकडो मुलांना स्थिर पगार दिला आणि खेळ जिवंत ठेवला, हे तिचे मोठेच ऋण आहे. मात्र खेळाडूच्या कौशल्याला त्याच्या दर्जानुसार मोबदला देण्याची सोय तिच्यात नव्हती. थोरल्या भावाच्या मार्गदर्शनाखाली धनराज यांचा वेग आणि गोलाचा नेम घडत गेला. पुढे ते महिंद्र अँड महिंद्र या कंपनीच्या संघात आले आणि तेथे ऑलिम्पिकपटू जोकिम कार्व्हालो यांचे प्रशिक्षण त्यांना लाभले. चर्चगेटजवळच्या मैदानावरील मुंबई लीगने त्यांच्या खडकीच्या कौशल्याला स्पर्धेची धार दिली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत झालेल्या आशिया चषक स्पर्धेत त्यांनी भारताकडून पदार्पण केले. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून हरला आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

मातीतून टर्फवर

धनराज यांचा काळ समजण्यासाठी त्याआधीच्या तेरा-चौदा वर्षांत या खेळात झालेली उलथापालथ ध्यानात घ्यावी लागते. १९२८ ते १९५६ या काळात भारताने सलग सहा ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली, ती सर्व गवताच्या मैदानांवर. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच टर्फवर, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या गालिचासारख्या पृष्ठभागावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. त्यापूर्वीच्या प्रत्येक सहभागात भारताने कोणते ना कोणते पदक मिळवले होते. टर्फवर चेंडू उसळत नाही, पाणी मारलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावरून तो प्रचंड वेगाने घरंगळतो. त्यामुळे चेंडू अडवणे आणि दूरवर अचूक मारणे सोपे होते, चकवण्याच्या कलेचे मोल कमी होते, आणि त्या काळच्या सामन्याची सत्तर मिनिटे अखंड धावण्याची शारीरिक क्षमता निर्णायक ठरू लागली. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाने गोलासमोरच्या अर्धवर्तुळात नियमभंग केल्यावर मिळणारी मुक्त फटक्याची संधी, हे टर्फवर गोल करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन बनले आणि युरोपातील संघांनी त्यावर तंत्रशुद्ध मेहनत घेतली. भारतात मात्र टर्फची मैदाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि गावोगावची मुले मातीवर खेळ शिकून विशीच्या उंबरठ्यावर प्रथमच टर्फवर पाय ठेवत होती.

धनराज हे या संक्रमणकाळाचे अपत्य होते, आणि त्यांचे वेगळेपण असे की मातीवर कमावलेले मनगट त्यांनी टर्फच्या वेगाला जोडून दाखवले. जुन्या शैलीतील अनेक कलावंत खेळाडू चेंडू जवळ ठेवण्याच्या नादात वेग गमावत, तर नव्या शैलीतील धावपटू वेगाच्या नादात चेंडू गमावत. धनराज धावताना चेंडू स्टिकसमोर हातभर अंतरावर ठेवीत, जेणेकरून धाव मंदावणार नाही आणि बचावपटूने स्टिक टाकताच तो ओढूनही घेता येईल. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम रद्द झाला, म्हणजे आघाडीच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या पलीकडे उभे राहण्यावरील बंधन गेले, आणि मैदान लांबवर मोकळे झाले. हा बदल धनराज यांच्यासारख्या लांब धाव घेणाऱ्याला पोषक ठरला. मात्र त्यांनी अर्धवर्तुळात शिरून मिळवलेल्या अनेक पेनल्टी कॉर्नरांचे गोलात रूपांतर करणारा खात्रीचा तज्ज्ञ त्या काळातील भारतीय संघाकडे बहुधा नसे, आणि म्हणूनच त्यांची मेहनत गुणफलकावर पुरती उतरली नाही.

बँकॉकचे सुवर्ण आणि त्यानंतरची विश्रांती

१९९० चा लाहोर विश्वचषक भारताला दहाव्या स्थानी घेऊन गेला, त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळाले, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सातवे स्थान मिळाले. १९९४ च्या सिडनी विश्वचषकात भारत पाचवा आला आणि त्या स्पर्धेनंतर निवडलेल्या जागतिक संघात स्थान मिळवणारे धनराज हे एकमेव भारतीय ठरले; संघ मधल्या पायरीवर आणि खेळाडू जगातील पहिल्या फळीत, हे चित्र तेव्हापासून स्पष्ट झाले. १९९५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये भारत आठव्या स्थानी राहिला.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९९८ मधील बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेचे महत्त्व मोठे आहे. भारताने या स्पर्धेतील हॉकीचे सुवर्ण याआधी १९६६ साली, योगायोगाने बँकॉकमध्येच जिंकले होते, आणि मधल्या बत्तीस वर्षांत अंतिम सामन्यातील पराभव ही जवळजवळ सवय बनली होती. दिल्लीत १९८२ साली पाकिस्तानकडून झालेल्या सात विरुद्ध एक अशा पराभवाचा सल तर एका संपूर्ण पिढीच्या मनात होता. धनराज यांच्या नेतृत्वाखालील आणि महाराज किशन कौशिक यांच्या प्रशिक्षणाखालील संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी एक-एक अशी बरोबरी साधली, निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर म्हणजे गोलरक्षकासमोर एकट्याने मारायच्या फटक्यांवर गेला, गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी निर्णायक क्षणी चेंडू अडवले आणि सुवर्णपदक भारताकडे आले. स्पर्धेत सर्वाधिक गोल धनराज यांच्या नावावर होते.

या विजयानंतर जे घडले त्याने भारतीय हॉकीची अवस्था कोणत्याही समीक्षेपेक्षा अधिक उघड केली. पुढच्या निवडीत कर्णधारासह सात ज्येष्ठ खेळाडूंची नावे नव्हती. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. खेळाडूंनी अपुऱ्या सोयी आणि तुटपुंज्या मानधनाबद्दल आवाज उठवल्याचा हा परिणाम असल्याची भावना मात्र हॉकीप्रेमींमध्ये सर्वदूर होती. बत्तीस वर्षांनी मिळालेल्या सुवर्णाच्या पायावर नवा संघ बांधण्याची वेळ होती तेव्हाच जिंकलेला संघ विस्कटला गेला, आणि त्याची किंमत पुढील ऑलिम्पिकमध्ये मोजावी लागली, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे. स्वतः धनराज यांना १९९९-२००० या वर्षासाठी त्या वेळी राजीव गांधी यांच्या नावाने दिला जाणारा खेलरत्न हा देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार मिळाला आणि पद्मश्री किताबही मिळाला. ज्या व्यवस्थेने त्यांना संघाबाहेर ठेवले त्याच व्यवस्थेच्या काळात हे सन्मान झाले.

सिडनीची दोन मिनिटे

२००० च्या सिडनी ऑलिम्पिकमधील पोलंडविरुद्धचा गटातील शेवटचा सामना हा संघात परतलेल्या धनराज यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वेदनादायी सामना मानला जातो. समीकरण साधे होते : जिंकले तर उपांत्य फेरी, म्हणजे १९८० नंतर प्रथमच ऑलिम्पिक पदकाची खरी आशा. भारत एक गोलाने आघाडीवर होता, पोलंडचा संघ स्पर्धेतून जवळजवळ बाद झालेला होता, आणि सत्तर मिनिटांचा खेळ संपण्यास दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला असताना पोलंडने बरोबरी साधली. सामना एक-एक असा सुटला, उपांत्य फेरीची दारे बंद झाली आणि भारत सातव्या स्थानी राहिला. धनराज यांचे अश्रू त्या निराशेची खूण बनून राहिले. जिंकल्यावर आणि हरल्यावर मैदानावरच मोकळेपणाने रडणारा हा खेळाडू होता, आणि संयमाला गुण मानणाऱ्या काहींना ते रुचत नसले, तरी प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले ते बऱ्याच अंशी या पारदर्शकतेमुळेच.

चौतिसाव्या वर्षी, जेव्हा आघाडीचे बहुतेक खेळाडू निवृत्त झालेले असतात, तेव्हा त्यांच्या खेळाला दुसरा बहर आला. २००२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे झालेल्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत, जिच्यात जगातील निवडक सहा संघच खेळत असत, भारत चौथा आला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून धनराज यांची निवड झाली. पदक न मिळालेल्या संघातील खेळाडूला हा मान मिळावा, यातच त्यांच्या खेळाचे वजन कळते. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत कोरियाने अंतिम सामना चार-तीन असा जिंकला. सप्टेंबर २००३ मध्ये मात्र क्वालालंपूर येथे धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला चार-दोन असे नमवून आशिया चषक प्रथमच जिंकला. ज्या स्पर्धेतील रौप्यपदकाने चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ झाला होता, तिचेच सुवर्ण त्यांनी पस्तिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून स्वीकारले. पुढच्या वर्षी अथेन्समध्ये त्यांनी चौथे ऑलिम्पिक खेळले, भारत पुन्हा सातवा आला आणि ऑगस्ट २००४ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

चार गुणिले चार

चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा खेळलेले एकमेव खेळाडू, अशी धनराज यांची ख्याती आहे. या विक्रमाचा अर्थ लावताना भारतीय हॉकीतील आणखी दोन नावे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. लेस्ली क्लॉडियस १९४८ ते १९६० आणि उधम सिंग १९५२ ते १९६४ या काळात प्रत्येकी चार ऑलिम्पिक खेळले आणि दोघांनीही प्रत्येकी तीन सुवर्ण व एक रौप्य अशी पदके मिळवली. धनराज यांच्या चार ऑलिम्पिकमधील भारताची स्थाने सातवे, आठवे, सातवे, सातवे अशी आहेत. या फरकाचे कारण खेळाडूंच्या गुणवत्तेत शोधणे चुकीचे होईल. क्लॉडियस आणि उधम सिंग यांना गवतावरचा, जगात सर्वांत पुढे असलेला संघ लाभला होता, तर धनराज यांना मैदान, साहित्य, प्रशिक्षणशास्त्र आणि प्रशासन या चारही बाबतींत मागे पडलेल्या देशाकडून खेळावे लागले. खेळाच्या पडत्या काळात त्याच्यावरचे लोकांचे प्रेम टिकवून धरणे हे पदकाइतकेच मोलाचे काम असते, आणि ते काम त्यांनी दीड दशक एकहाती म्हणावे इतक्या प्रमाणात केले.

देशाबाहेर त्यांच्या खेळाची किंमत अधिक नेमकेपणाने ओळखली गेली. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लिऑन, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील बँक व दूरसंचार कंपन्यांचे संघ, ढाक्याचा अबाहनी आणि हाँगकाँगचा खालसा स्पोर्ट्स क्लब अशा अनेक संघांनी त्यांना करारावर खेळवले. भारतात व्यावसायिक स्वरूपाची प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली ती २००५ मध्ये, म्हणजे त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्यानंतर. तिच्यात ते मराठा वॉरियर्स संघाकडून दोन हंगाम खेळले. संदीप मिश्रा यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचे शीर्षक ‘अम्मा, मला क्षमा कर’ अशा अर्थाचे आहे, आणि ज्या आईने मोडक्या स्टिकांवर पाच मुलांचे स्वप्न उभे केले तिला ऑलिम्पिक पदक दाखवता आले नाही, ही खंत त्या मोजक्या शब्दांत सामावलेली आहे.

वारसा कशात मोजायचा

धनराज यांच्यानंतरची चार वर्षे भारतीय हॉकीच्या अधोगतीची होती. मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथील पात्रता स्पर्धेत ग्रेट ब्रिटनकडून हरल्यामुळे भारत ऐंशी वर्षांत प्रथमच ऑलिम्पिकला मुकला. त्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते धनराज यांना घडवणारे जोकिम कार्व्हालो. या धक्क्यानंतर प्रशासन बदलले, टर्फची मैदाने वाढली, परदेशी प्रशिक्षक आणि क्रीडाविज्ञान आले, २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले, आणि एकेचाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२१ मध्ये टोकियोत व त्यानंतर २०२४ मध्ये पॅरिसमध्ये भारताने कांस्यपदके मिळवली. अथेन्समध्ये धनराज ज्यांच्या नेतृत्वाखाली खेळले ते सुंदरगडचे दिलीप तिर्की २०२२ पासून हॉकी इंडिया या राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष आहेत. खेळाडूंनी ज्या सोयी मागितल्या म्हणून एके काळी नाराजी ओढवली, त्याच सोयी दिल्यावर पदके आली, हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९९८ च्या खेळाडूंची मागणी किती रास्त होती हे टोकियो आणि पॅरिसने सिद्ध केले.

ओडिशातील सुंदरगडसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याने हॉकीपटू घडवण्यात जे साधले ते पुण्याला का साधू नये, हा प्रश्न या संदर्भात टाळता येत नाही. पुण्याकडे परंपरेची उणीव नाही. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याच्या, धनराज आणि विक्रम खडकीचे. साधनांचीही तशी वाण नाही. पिंपरीच्या नेहरूनगर भागातील मेजर ध्यानचंद यांच्या नावाच्या टर्फ मैदानावर २०२१ च्या डिसेंबरात पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि बालेवाडीचे क्रीडासंकुल तर १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेपासून उभे आहे. उणीव आहे ती वस्तीतील मैदान आणि शहरातील टर्फ यांना जोडणाऱ्या पायऱ्यांची. सहा-सात वर्षांच्या मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर खेळण्याची मोकळी जागा, हाती स्टिक देणारी शाळा, बारा-तेराव्या वर्षापासून आठवड्यातून काही तास तरी टर्फवर सराव, आणि पुढे खेळ सांभाळून घर चालवता येईल अशी नोकरी, या चार पायऱ्यांपैकी धनराज यांना पहिली वडिलांच्या कामामुळे, दुसरी मोडक्या स्टिकांमुळे आणि चौथी मुंबईच्या कंपन्यांमुळे मिळाली. तिसरी त्यांना योग्य वयात मिळालीच नाही. आज तिसरी पायरी शहरात आहे आणि पहिली झपाट्याने नाहीशी होत आहे. मोकळ्या जागांवर इमारती आणि वाहनतळ उभे राहत असताना, पुढचा धनराज वस्तीतून मैदानापर्यंत पोहोचणार कसा, याचे उत्तर शहराच्या नियोजनाला द्यावे लागेल.

या अर्थाने धनराज पिल्ले यांचा वारसा पुरस्कारांच्या यादीत किंवा चौकाला दिलेल्या नावात शोधण्याची गरज नाही. मैदानाची निगा राखणाऱ्या एका माणसाच्या मुलाने मातीवर शिकलेली विद्या जगाच्या टर्फवर नेली आणि ती तेथे उणी पडत नाही हे दाखवून दिले. तिला साजेशी साथ मिळाली असती तर काय घडले असते, याचा अंदाज पुढील पिढीच्या पदकांवरून करता येतो. त्यांच्या गोलांचा नेमका आकडा आता कदाचित कधीच हाती लागणार नाही, परंतु ज्या मैदानाने ते गोल घडवले त्याची निगा राखणे हे अजूनही पुणेकरांच्या हाती आहे, आणि नागलिंगम पिल्ले यांनी खडकीत आयुष्यभर केले ते नेमके हेच काम होते.